नवशिक्यांच्या धावण्याचा इतिहास

प्रौढ वयात, कुठल्याही शर्यतीचा विचार नसताना, निव्वळ तब्येतीसाठी रस्त्यावर धावायला लागणे ही प्रथा फार जुनी नाही. त्याआधीही माणसे धावत होती, पण ती शाळकरी मुले, सैनिक, मेहनत करणारे पैलवान आणि शर्यतीतले धावपटू. चाळिशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या कारकुनाने किंवा दुकानदाराने पहाटे अर्ध्या चड्डीवर रस्त्याला लागावे, हे १९६० पर्यंत जवळपास कुठेच रूढ नव्हते. ही प्रथा रुजवणाऱ्यांना लवकरच कळले की लोकांना धावायला लावणे त्या मानाने सोपे आहे. अवघड आहे ते महिन्याभरानंतरही त्यांना धावत ठेवणे. नव्याचे नऊ दिवस संपले की गळती सुरू होई. ती थांबवण्यासाठी गेल्या साठ वर्षांत निरनिराळ्या देशांत जे उपाय निघाले, त्यांतूनच आजचे हौशी धावणे घडले आहे.

वैद्यकशास्त्राचा कौल सुरुवातीला उलटाच होता. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावरून हलू द्यायचे नाही, ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली सर्वमान्य पद्धत होती. बॉस्टनमधले सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना पलंगावरून उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली, तर त्यांच्या रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनाच ते अघोरी वाटले. त्यांचे निष्कर्ष १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाचा लंडनच्या बसगाड्यांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. दुमजली बसचा चालक आणि वाहक एकाच गाडीवर, साधारण सारख्याच परिस्थितीतले. पण चालक दिवसभर बसून, तर वाहक तिकिटे देत दिवसाकाठी पाचशे-सहाशे पायऱ्या चढणारा. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि ज्यांना झाला त्यांच्यातही तो तुलनेने सौम्य होता. मुंबईकरांनी बेस्टच्या दुमजली गाडीत तो जिना पाहिलेला आहे; नोकरीभर तो चढत राहण्याचा हृदयावर काय परिणाम होतो, हे या अभ्यासाने दाखवून दिले. मॉरिस स्वतः हॅम्पस्टेड हीथच्या माळावर धावायला जाऊ लागले, तेव्हा लोक वळून पाहत. ते ९९ वर्षे जगले.

नवशिक्याला धावायला शिकवण्याची रीत मात्र डॉक्टरांकडून आली नाही. ती आली न्यूझीलंडमधल्या बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाकडून. आर्थर लिडियार्ड (१९१७–२००४) हे ऑकलंडचे. रग्बी खेळत असल्यामुळे आपण धडधाकट आहोत, अशी त्यांची समजूत होती. सत्तावीस वर्षांचे असताना जॅक डोलन या वयाने मोठ्या धावपटूने त्यांना आपल्याबरोबर पाच मैल पळवले आणि त्यांची दमछाक झाली. आज ही गत, तर सत्तेचाळिशीत काय होईल, हा प्रश्न त्यांना पडला. मग त्यांनी स्वतःवरच प्रयोग सुरू केले. कधी थोडे, कधी आठवड्याला २५० मैलांपर्यंत, कधी जोरात, कधी रमतगमत असे सगळे प्रकार करून पाहिले. त्यातून त्यांना उमगले ते असे: भरपूर अंतर, पण दम कोंडणार नाही अशा वेगाने कापले, तर शरीराची ताकद महिन्यांमागून महिने वाढत जाते, रोज ऊर फुटेपर्यंत पळले, तर ती खचते.

हीच रीत त्यांनी आपल्या परिसरातल्या मुलांना लावली. २ सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी एकाच दुपारी सुवर्णपदके मिळवली, पीटर स्नेल यांनी ८०० मीटरमध्ये आणि मरी हॅलबर्ग यांनी ५,००० मीटरमध्ये. हॅलबर्ग यांचा डावा हात रग्बीत झालेल्या इजेमुळे कायमचा अधू होता. तिसरे शिष्य बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरे आले. या यशामुळे लिडियार्ड यांना व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली, आणि श्रोत्यांत पुष्कळदा पोक्त व्यावसायिक असत. त्यांतल्या काहींना हृदयविकाराचा त्रास होऊन गेला होता. ऑलिंपिकच्या धावपटूला जी रीत लागू पडते तीच, मात्रा कमी करून, यांना का लागू पडू नये, असा लिडियार्ड यांचा विचार होता. माजी खेळाडू आणि पुढे ऑकलंडचे महापौर झालेले कॉलिन के यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये ‘ऑकलंड जॉगर्स क्लब’ सुरू झाला.

या क्लबाचे नियम आजही जगभर नवशिक्यांना सांगितले जातात. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे. बोलणे तुटू लागले की वेग उतरवायचा, तरी जमेना तर चालायचे, आणि श्वास बसला की पुन्हा धावायला लागायचे. एकमेकांशी चढाओढ करायची नाही. लिडियार्ड यांचा भर ओढाताण न करता सराव वाढवण्यावर होता. यात वरवर दिसते त्यापेक्षा बरेच काही आहे. नवशिक्या धावणे सोडतो ते बहुधा आळसामुळे नव्हे. शाळेतल्या शंभर मीटरच्या शर्यतीची आठवण मनात धरून तो पहिल्याच दिवशी सुसाट सुटतो, तीन मिनिटांत छाती भरून येते, बरगडीखाली कळ मारते, आणि हे आपले काम नव्हे असे त्याच्या मनात बसते. बोलण्याची अट घातली की हा पहिल्या दिवसाचा पराभवच टळतो. शिवाय बोलायचे तर सोबत कुणीतरी लागतेच, म्हणजे एकाच नियमात वेगाला लगाम आणि संगतीची सोय, दोन्ही झाले.

ही पद्धत न्यूझीलंडबाहेर गेली ती बिल बावरमन यांच्यामुळे. ते अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाचे नावाजलेले प्रशिक्षक होते. १९६२ च्या अखेरीस आपल्या धावपटूंना घेऊन ते न्यूझीलंडला आले. वय ५१. लिडियार्ड यांनी त्यांना एका सकाळी जॉगर्सच्या घोळक्याबरोबर टेकडीकडे नेले. आयुष्यभर दुसऱ्यांना पळवणारा हा माणूस काही अंतरातच मागे पडला. सत्तरी ओलांडलेले आणि हृदयविकारातून उठलेले एक गृहस्थ त्यांच्यासाठी वेग कमी करून मागे थांबले आणि गप्पा मारत त्यांना मुक्कामापर्यंत घेऊन आले. बावरमन सुमारे सहा आठवडे तिथे राहिले, रोज धावले आणि हलके होऊन परतले.

१९६३ च्या सुरुवातीला यूजीन या गावी परतल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या हेवर्ड फील्ड मैदानावर गावकऱ्यांसाठी धावण्याचा वर्ग जाहीर केला. पहिल्यांदा मोजकेच लोक आले. पण आठवड्यागणिक आकडा असा फुगत गेला की बावरमनच धास्तावले. या गर्दीत कुणाचे हृदय बंद पडले तर? त्यांनी लोकांना घरी पाठवले आणि आधी रीतसर अभ्यास करायचे ठरवले. वाल्डो हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन, मध्यमवयीन माणसांच्या लहान तुकड्यांवर त्यांनी चालणे-धावणे यांच्या वेगवेगळ्या मात्रा तपासल्या. अनुभवी प्रशिक्षक आपला उत्साह आवरतो, जमलेली गर्दी परत पाठवतो आणि खात्री झाल्यावरच पुढे जातो, हे या इतिहासातले सर्वांत मोलाचे पाऊल म्हणावे लागेल. आधी एक पत्रक निघाले आणि १९६७ मध्ये दोघांच्या नावाने ‘जॉगिंग’ हे पुस्तक आले. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुस्तकात बारा आठवड्यांचा कार्यक्रम होता, आणि वय व कुवत पाहून कुणी कुठून सुरुवात करायची ते आखून दिले होते. एक दिवस कष्टाचा तर दुसरा हलका, हे बावरमन यांचे आवडते तत्त्व त्यात आले. आज किती करायचे हे कागदावर लिहिलेले असले की माणूस जास्त करत नाही आणि कमीही करत नाही. बावरमन यांनीच फिल नाइट यांच्याबरोबर नायकी कंपनीचा पाया घातला, पण नवशिक्यावर त्यांचे अधिक मोठे उपकार या छोट्या पुस्तकाचे आहेत.

तरीही रस्त्यावर धावणारा प्रौढ माणूस संशयास्पदच वाटे. १९६८ मध्ये स्ट्रॉम थर्मंड या पासष्ट वर्षांच्या अमेरिकी सिनेटरलाही धावताना पोलिसांनी हटकले होते. लोक बघतात, हसतात, गाडीतून ओरडतात, या लाजेपोटी कित्येक जण अंधारातच धावून घेत. संकोच हे धावणे सोडण्याचे एक मोठे कारण असते. एकट्या माणसाकडे लोक बघत राहतात, दहा जणांचा घोळका दिसला की त्यांना काही वाटत नाही. म्हणून तर सुरुवातीचे बहुतेक जॉगर घोळक्यानेच निघत.

त्याच १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ पुस्तक निघाले. बारा मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर कापता येते यावरून तंदुरुस्ती मोजण्याची त्यांची चाचणी पुढे शाळा-महाविद्यालयांत आणि संघांच्या सरावात जगभर वापरली गेली. नवशिक्याच्या दृष्टीने त्यांची गुणपद्धत महत्त्वाची. धावणे, पोहणे, सायकल चालवणे, चालणे अशा प्रत्येक व्यायामाला अंतर आणि वेळ यांनुसार गुण ठरलेले होते आणि आठवड्याला ३० गुण भरायचे होते. वजन घटायला महिने लागतात, आरशात फरक दिसायला त्याहून जास्त; वहीतले गुण मात्र त्याच संध्याकाळी वाढतात. आज मनगटावरचे घड्याळ पावले मोजून जे करते, ते कूपर यांनी वही-पेन्सिलीवर करून दाखवले होते. आकड्यांच्या मागे लागून अती करणारेही निघाले. आठवड्याला पंधरा मैलांहून जास्त धावणारा आरोग्याखेरीज दुसऱ्याच कशासाठी तरी धावत असतो, असे कूपर यांनीच पुढे बजावले.

स्त्रियांना या वाटेवर येण्यासाठी आणखी एक भिंत ओलांडावी लागली. १९६० आणि १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची सर्वांत लांब शर्यत ८०० मीटरची होती. त्यापुढचे अंतर त्यांना झेपत नाही असे अधिकाऱ्यांचे ठाम मत होते. कॅथरिन स्वित्झर ही विद्यार्थिनी १९६७ मध्ये क्रमांक लावून बॉस्टन मॅरेथॉन धावली आणि एका अधिकाऱ्याने धावता धावता तिला खेचून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, ते छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्यामागची तयारी तितकी माहीत नसते. सिरॅक्यूस विद्यापीठात टपाल वाटणारे आर्नी ब्रिग्ज हे पन्नाशीचे गृहस्थ तिच्याबरोबर संध्याकाळी बर्फातून धावत. ते बॉस्टन मॅरेथॉन पंधरा वेळा धावले होते, आणि तिचा जीव रस्त्यात रमावा म्हणून त्या शर्यतीच्या गोष्टी सांगत राहत. ऐकता ऐकता मैल सरत. बाईला मॅरेथॉन जमणार नाही असे त्यांनाही वाटत होते, पण सरावात तिने पूर्ण अंतर आणि वर आणखी पाच मैल धावून दाखवले तेव्हा त्यांनीच तिला नाव नोंदवायला लावले. बॉस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची मॅरेथॉन अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टर यांनी जिंकली आणि त्यांच्या देशात धावण्याची लाट आली. न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन १९७० मध्ये सेंट्रल पार्कात झाली तेव्हा १२७ जण उतरले आणि ५५ जणांनी ती पूर्ण केली. १९७६ मध्ये ती शहराच्या पाचही भागांतून जाऊ लागली आणि धावणाऱ्यांची संख्या हजारांत गेली. जिम फिक्स यांचे ‘द कम्प्लीट बुक ऑफ रनिंग’ १९७७ मध्ये आले आणि विक्रीच्या यादीत अग्रस्थानी जाऊन बसले. फिक्स स्वतः मूळचे नवशिकेच. पस्तिशीत, वजन शंभर किलोच्या आसपास आणि दिवसाला दोन पाकिटे सिगारेट अशा अवस्थेतून त्यांनी सुरुवात केली होती. २० जुलै १९८४ रोजी व्हर्मॉन्टमध्ये धावताना त्यांचा मृत्यू झाला, वय ५२. त्यांच्या हृदयाच्या धमन्या चोंदलेल्या निघाल्या. त्यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी पहिला झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते. या बातमीने लक्षावधी नवशिक्यांचे पाय अडखळले. कूपर यांनी पुढच्या वर्षी खास याच भीतीवर पुस्तक लिहिले. घरात हृदयविकार असेल किंवा आधी धूम्रपान असेल, तर धावण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी, हा सल्ला तेव्हापासून अधिक आग्रहाने दिला जाऊ लागला, आणि तो रास्तच आहे.

लाटेबरोबर दुखापतीही वाढल्या. धावायला लागल्यावर दम काही आठवड्यांत सुधारतो, पण नडगीची हाडे, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर कणखर व्हायला महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुप्फुसे आणखी धावू म्हणतात, पाय तयार नसतात. नडगी ठणकू लागते आणि नेमका हुरूप आलेला माणूस घरी बसतो. यावर ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी १९७४ मध्ये फ्लोरिडात नवशिक्यांचा वर्ग घेताना उपाय काढला. थकल्यावर नाइलाजाने चालण्याऐवजी त्यांनी थकण्याआधीच, ठरलेल्या वेळाने चालायला लावले. थकून चालणारा ओशाळतो. वेळापत्रकात लिहिले आहे म्हणून चालणाऱ्याला ओशाळण्याचे कारणच राहत नाही. अनुभवी धावपटू बरीच वर्षे या चालण्याला नाक मुरडत, पण नवशिके मात्र त्यामुळे टिकत.

हा धागा १९९६ मध्ये जॉश क्लार्क या पंचविशीतल्या अमेरिकी तरुणाने शेवटास नेला. त्याला स्वतःला सुरुवातीला धावणे नकोसे झाले होते, आणि आपल्या पन्नाशीतल्या आईला तसा त्रास होऊ नये अशी त्याची इच्छा होती. ‘काउच टू ५के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम त्याने आखला. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी साधारण अर्धा तास. पहिल्या दिवशी पाच मिनिटे झपझप चालून मग ६० सेकंद धावायचे, ९० सेकंद चालायचे, असे वीस मिनिटे. साठ सेकंद बहुतेक कुणालाही जमतात, आणि पहिल्याच दिवशी ठरलेले काम पुरे केल्याचे समाधान पदरी पडते. पाचव्या आठवड्यात कार्यक्रम अवघड वळण घेतो. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांच्या तीन धावा, दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटांच्या दोन, आणि तिसऱ्या दिवशी न थांबता सलग वीस मिनिटे. कागदावर ही उडी अशक्य दिसते. पण तोवर चौदा वेळा धावून झालेले असते, आणि आपल्याला हे जमले याचे आश्चर्य पुष्कळांना याच दिवशी वाटते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेने हाच कार्यक्रम आधी पॉडकास्टच्या रूपात दिला, आणि २०१६ मध्ये त्याचे मोबाइल अॅप आले. कानात कुणीतरी ‘आता चाला, आता धावा’ म्हणत असते; ऑकलंडमध्ये मागे थांबणाऱ्या त्या गृहस्थांचे काम हा आवाज करतो.

महाराष्ट्रात धावणे तालमीत होतेच, आणि पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे धावताना आजही दिसतात. त्यांच्यापुढे १,६०० किंवा ८०० मीटरची चाचणी आणि नोकरीची आस असते, टिकून राहण्यासाठी वेगळे कारण लागत नाही. शहरी नोकरदाराला ते कारण मिळाले मुंबई मॅरेथॉनमुळे. फेब्रुवारी २००४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पूर्ण आणि अर्ध्या मॅरेथॉनबरोबर सहा-सात किलोमीटरची ‘ड्रीम रन’ ठेवलेली होती. तिच्यात क्रमांक नाही, चालत गेले तरी चालते. अनेकांनी पहिल्यांदा रस्ता धरला तो याच शर्यतीत, आणि मग पुढच्या वर्षी अर्धी मॅरेथॉन करायची म्हणून शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह, पुण्याच्या टेकड्या इथे पहाटेचे गट जमू लागले. पोहण्यात राष्ट्रीय विजेते असलेले मिलिंद सोमण हेही या मॅरेथॉनच्याच निमित्ताने अडतिसाव्या वर्षी धावण्याकडे वळले. त्यांनी २०१२ मध्ये मुंबईत फक्त स्त्रियांसाठी ‘पिंकेथॉन’ सुरू केली. तीन आणि पाच किलोमीटरचे टप्पे असल्यामुळे साडी नेसून, पायात साधे बूट घालून उतरणाऱ्या बायकाही तिथे दिसू लागल्या. लोक काय म्हणतील, हा जुनाच अडसर तिथे संख्येच्या जोरावर दूर झाला.

वर्षातून एकदा येणारी शर्यत मात्र उरलेले अकरा महिने माणसाला धरून ठेवत नाही. ती उणीव ‘पार्करन’ने भरून काढली. दुखापतीमुळे धावणे थांबलेल्या पॉल सिंटन-ह्यूइट यांनी २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कात पाच किलोमीटरची वेळ लावलेली धाव ठेवली. १३ जण धावले. शेवटच्या रेषेवर क्रमांकासाठी हार्डवेअरच्या दुकानातल्या लोखंडी चकत्या दिल्या गेल्या. दर शनिवारी सकाळी, फुकट, त्याच जागी, सगळे काम स्वयंसेवकांचे, ही घडी तेव्हापासून बदललेली नाही. पुढे ही पद्धत वीसहून अधिक देशांत पोचली. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या मागे चालणारा एक स्वयंसेवक ठरवलेला असतो, त्यामुळे कुणीही शेवटचा येत नाही. २०१८ पासून ब्रिटनमधले कौटुंबिक डॉक्टर आपल्या रुग्णांना जवळच्या पार्करनला जायला सुचवू लागले. पाच किलोमीटर पुरे करण्याची तिथली सरासरी वेळ वर्षागणिक वाढत गेली, आणि आयोजकांनी ते यशाचे लक्षण मानले, कारण त्याचा अर्थ नवखे आणि सावकाश धावणारे अधिकाधिक येत आहेत असा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी प्रत्येक ठिकाणच्या वेगाच्या विक्रमांच्या याद्या जाहीर दाखवणे बंद केले. वेगवान धावपटूंनी जोरदार हरकत घेतली आणि याद्या परत आणण्याची मागणी केली. नवख्याला त्या पाहून दडपण येते, या भूमिकेवर आयोजक ठाम राहिले. ज्याच्या त्याच्या स्वतःच्या वेळांची नोंद मात्र त्यांनी होती तशीच ठेवली.